जुन्या गाडीचा ऑइल ड्रेन बोल्ट काढताना आणि बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑइल कोणतं घालू, यापेक्षा लोक चेंबरच्या त्या एका बोल्टबद्दल जास्त विचारतात, आणि ते बरोबरच आहे. चुकीच्या ग्रेडचं ऑइल काढून दुसरं घालता येतं. चेंबरचे आटे गेले की मात्र काम तासाभराचं राहत नाही. खाली ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल साठण्याच्या भांड्याला, चेंबर आणि ड्रेन प्लगला नुसतं बोल्ट म्हटलं आहे, कारण प्रश्नही त्याच शब्दांत येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे वळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा बोल्ट नेमका कुठे असतो? भलताच बोल्ट उघडायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. बोल्ट चेंबरच्या सर्वांत खोल भागात असतो. काही गाड्यांत तो तळाशी खाली तोंड करून असतो, काहींत खोल भागाच्या बाजूच्या भिंतीत आडवा. घोटाळा होतो तो गिअरबॉक्सच्या बोल्टशी, कारण तोही खालीच आणि तसाच दिसतो. सुबारूच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ही गफलत इतकी नेहमीची आहे की तिचे किस्से झाले आहेत: गिअरबॉक्स रिकामा होतो, वरून इंजिनात नवं ऑइल ओतलं जातं, आणि इंजिनात दुप्पट ऑइल घेऊन गाडी कोरड्या गिअरबॉक्सवर निघते.

आधी फिल्टर आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) कुठे आहे ते पाहा आणि तिथून खाली माग काढत या. तरी शंका असेल तर बोल्ट थोडाच ढिला करून चार थेंब येऊ द्या. काळं किंवा तपकिरी ऑइल इंजिनाचं. लाल असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. जाडसर आणि गंधकासारख्या उग्र वासाचं आलं तर गिअर ऑइल. चुकीचं निघालं तर तिथेच आवळून थांबा, चार थेंबांनी काही बिघडत नाही.

काही इंजिनांना दोन बोल्ट असतात. १९८०च्या दशकातल्या ५ लिटर फोर्ड मस्टँगच्या चेंबरला दोन खोलगट भाग आहेत आणि प्रत्येकाला आपला बोल्ट. एकच उघडला तर जुन्या ऑइलचा मोठा हिस्सा आतच राहतो. आणखी वेगळ्या रचना प्रश्न २० मध्ये आहेत.

२. इंजिन गरम असताना ऑइल काढायचं की थंड?

कोमट. गरम ऑइल पातळ होऊन लवकर वाहतं आणि त्यात तरंगणारी काजळी, बारीक कण सोबत घेऊन येतं. पण इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइल ९० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे हात भाजणारच. पाचेक मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. बोल्टला हात लावता यायला हवा.

याला एक अपवाद आहे. गाडी कित्येक महिने उभी असेल तर इंजिन सुरू करण्याआधी, थंड असतानाच बोल्ट थोडा ढिला करून पहिले थेंब पाहा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे आत पाणी जमलं असेल तर ते तळाशी बसलेलं असतं आणि सर्वांत आधी तेच बाहेर येतं. इंजिन एकदा फिरवलं की ते ऑइलमध्ये घुसळलं जातं, मग समजत नाही.

३. जॅकवर उचलून खाली गेलो तर चालेल का?

नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी पेलायला तिच्याखाली घोडी (जॅक स्टँड) लागते. जॅकचं सील गेलं की गाडी खाली येते आणि तेव्हा सूचना मिळत नाही. सपाट, टणक जागा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अटकाव, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये आणि दोन घोड्या, एवढं झाल्याशिवाय खाली जाऊ नका. खाली सरकण्यापूर्वी गाडीला बाजूने जोरात ढकलून पाहा. डुलली तर घोड्या नीट बसलेल्या नाहीत.

जॅक चेंबरला लावायचा नाही हेही सांगायला हवं, कारण पत्र्याचे चेपलेले चेंबर बरेच दिसतात. चेपलेला तळ आतल्या ऑइल पंपाच्या जाळीला टेकला तर पंपाला ऑइल कमी मिळतं.

फक्त पुढची बाजू उचलली तर ऑइल मागे कलतं. बोल्ट चेंबरच्या मागच्या कडेला असेल तर उत्तमच. पुढे असेल तर शेवटचा भाग काढताना गाडी पुन्हा समतल करावी लागते.

४. कोणता पाना घ्यावा? १९ बसतो पण किंचित घट्ट जातो.

मग तो बहुधा इंची बोल्ट आहे. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९चा पाना घट्ट का होईना बसतो. पण ११/१६ इंच म्हणजे १७.४६: त्यावर १७ चढत नाही आणि १८ सैल पडतो. १३/१६ इंच म्हणजे २०.६४, त्यावर २१ बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की घसरतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ मापही भेटतं. तिथे पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून आकडा पाहून पाना निवडू नका, प्रत्यक्ष बसवून पाहा.

सहा कोनांची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना वापरा. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांना धरते आणि झिजलेल्या डोक्यावर निसटते. उघडा पाना नाइलाजाने, आणि ॲडजस्टेबल पाना नकोच.

डोक्याला षटकोन नसून आत खाच असेल तर: अनेक रेनो आणि सिट्रोएन गाड्यांना आतून चौकोनी ८ मिलिमीटरची किल्ली लागते, जुन्या अल्फा रोमिओंना १२ मिलिमीटरची ॲलन की. खाचेतला चिखल आधी टोचणीने पूर्ण काढा. अर्धवट बसलेली किल्ली खाच गोल करून टाकते.

५. खाली झोपल्यावर दिशाच कळत नाही. कुठे फिरवायचा?

बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहत आहात असं समजा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. उजव्या हाताचा अंगठा बोल्ट ज्या दिशेने बाहेर यायचा आहे तिकडे धरा. मिटलेली बोटं ज्या बाजूला वळतात ती ढिलं करण्याची दिशा. आडव्या बोल्टलाही हाच नियम. घाईत उलट फिरवून आधीच आवळलेला बोल्ट आणखी आवळणं, हे आटे जाण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून जोर लावण्याआधी एकदा ही खूण करून पाहाच.

६. शेवटच्या आट्याला ऑइल हातावर, बाहीत, सगळीकडे. यावर काही युक्ती?

पान्याने फक्त ढिला करा, पुढे बोटांनी. फिरवताना बोल्ट आत दाबत राहा, म्हणजे आटे संपले तरी भोक बंद राहतं. सुटल्याचं जाणवलं की झटक्यात बाजूला ओढा, खाली नाही. कोपर मनगटाच्या खाली ठेवू नका, नाहीतर ऑइल बाहीतून काखेपर्यंत जातं. नायट्राइलचे हातमोजे घाला.

पहिली धार सरळ खाली पडत नाही, पुढे झेप घेते, विशेषतः आडव्या बोल्टची. भांडं थोडं पुढे ठेवा आणि धार मंदावली की मागे ओढा. भांडं इंजिनात मावणाऱ्या ऑइलपेक्षा मोठं हवं. बोल्ट भांड्यात पडलाच तर चुंबकाच्या काठीने काढा, आणि सोबत वॉशरही मोजून घ्या.

७. बोल्ट हलतच नाही.

दिशा पुन्हा तपासा (प्रश्न ५). मग गोटी पूर्ण बसवा, लांब दांडा लावा आणि हळूहळू नेट न देता एक झटका द्या. संथ जोराने पाना घसरतो, झटक्याने बैठक सुटते. त्याआधी डोक्यावर हातोडीने सरळ दोन-तीन ठोके दिले तर वॉशर बऱ्याचदा सुटतो. ॲल्युमिनियमच्या चेंबरवर ठोके हलके द्या.

गंज सोडवणारा स्प्रे इथे फारसा कामाचा नाही, कारण आटे आतून ऑइलमध्येच भिजलेले असतात. चिकटलेली असते ती वॉशरची बैठक, किंवा मागच्या वेळी कोणीतरी शक्ती दाखवलेली असते. तेवढ्यासाठी उष्णता चालते: इंजिन थोडं जास्त गरम करून पाहा. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम सुमारे दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या चेंबरमधला पोलादी बोल्ट गरम असताना सहज सुटतो. बर्नरची ज्योत चेंबरखाली नेऊ नका. आत ऑइलची वाफ, वर पेट्रोलच्या नळ्या.

८. डोक्याच्या कडा गोल झाल्या. आता?

पुन्हा त्याच पान्याने प्रयत्न करू नका, प्रत्येक घसरणीने पकड कमी होते. किंचित लहान, सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून चढवा. मिलिमीटर आणि इंची गोट्या दोन्ही असतील तर मधलं माप बहुतेक सापडतं. तेही जमलं नाही तर आतून नागमोडी दाते असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी घ्या. ती फिरवताना उलट आवळत जाते, म्हणून गोल डोकंही धरते. चांगली ग्रिप पक्कड डोक्याच्या बाजूंना लावता येते. शेवटचा उपाय छन्नीचा: डोक्याच्या कडेला खाच पाडून ढिल्या दिशेला ठोकत जायचं.

आतली ॲलन खाच गेली असेल तर थोडा मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बसवता येतो.

यातलं काहीही केलं तरी तो बोल्ट पुन्हा लावायचा नाही. नवा हाताशी ठेवूनच सुरुवात करा (प्रश्न १९).

९. बोल्ट फिरतो पण बाहेरच येत नाही.

दोन शक्यता. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आटे फाटलेले असतात आणि बोल्ट जागच्या जागी फिरतो. पत्र्याच्या चेंबरला आतून एक नट वेल्ड केलेला असतो. त्याचं वेल्ड तुटलं तर नट आणि बोल्ट एकत्र फिरतात. दोन्हीत उपाय सारखा: डोक्यामागे चपटा स्क्रूड्रायव्हर घालून बाहेरच्या बाजूला रेटा द्या आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ढिला करत राहा. बोल्ट बाहेर आला की आट्यांकडे बघा. त्यावर धातूची चकाकती तार गुंडाळलेली दिसली तर ते चेंबरचे आटे आहेत. पुढचं प्रश्न १७ मध्ये.

१०. बोल्ट काढला, पण ऑइल येतच नाही किंवा अगदी ठिबकतं.

इंजिन थंड असेल आणि ऑइल जाड असेल तर थांबा. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, धार मोकळी होते. तरीही नाही आलं तर भोकावर गाळ बसला आहे. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनात हा गाळ खरवसासारखा घट्ट होतो. प्लॅस्टिकची पट्टी किंवा मऊ तार आत घालून भोक मोकळं करा, आट्यांना ओरखडा जाऊ देऊ नका. इतका गाळ असेल तर फक्त ऑइल बदलून भागणार नाही, चेंबर उतरवून धुवा. पंपाची जाळीही तशीच तुंबलेली असणार.

एरवी धार तुटून थेंब पडू लागल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. शेवटच्या थेंबासाठी रात्रभर थांबण्यात अर्थ नाही, कारण वरच्या वाहिन्यांत आणि फिल्टरमध्ये काही ऑइल राहतंच.

११. बोल्टच्या चुंबकावर काळपट चिखल आहे. इंजिन संपलं का?

नाही. बोटांत चोळल्यावर मलमासारखा वाटणारा करडा लेप ही नेहमीची झीज आहे, पुसून टाका. टोचतील असे तुकडे, चपट्या चकत्या, मोडलेला दाता असं काही असेल तर मात्र इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी जाणकाराला दाखवा. चुंबकाला लोखंडच दिसतं. बेअरिंगचा पांढरा धातू किंवा तांबं त्याला चिकटत नाही, त्यासाठी ऑइल उन्हात धरून सोनेरी-रुपेरी चमक आहे का ते बघावं लागतं.

त्याच वेळी वासही घ्या. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं: ऑइल पातळ होतं, पातळी आपोआप वाढते आणि पेट्रोलचा भपका येतो. अशा वेळी पंप दुरुस्त केल्याशिवाय नवं ऑइल घालणं म्हणजे तेही वाया घालवणं. ऑइल दुधट असेल तर पाणी किंवा कूलंट मिसळलं आहे.

डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं झालं, असाही प्रश्न येतो. डिझेलमध्ये ते नेहमीचंच आहे.

१२. वॉशर दर वेळी नवा घालायलाच हवा का?

हो, एक सवलत सोडून. गळती थांबवण्याचं काम आट्यांचं नाही, वॉशरचं आहे. आटे फक्त वॉशर दाबून धरतात. वॉशर मऊ असतो म्हणूनच तो दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचांत भरतो, आणि एकदा दबला की पुन्हा तसा भरत नाही. मग लोक गळती थांबवायला जास्त आवळतात, आणि आटे जातात. चेंबरचे बहुतेक अपघात या एका स्वस्त वॉशरच्या कंजुषीतून होतात असं माझं मत आहे.

सवलत तांब्याच्या सपाट वॉशरला. दाबल्यावर तांबं कडक होतं, पण मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं. वरची काळी खपली घासून काढा. वॉशरवर खोल खाच किंवा चीर असेल तर हा खटाटोप करू नका. ॲल्युमिनियम, फायबर आणि आतून पोकळ घडीचे वॉशर एकदाच वापरायचे.

नवा घालण्याआधी जुना खरोखर निघाला ना, ते बोटाने चाचपा. तो चेंबरलाच चिकटून राहिलेला असतो आणि रंगावरून ओळखू येत नाही. दोन वॉशर एकावर एक बसले की गळती ठरलेली.

१३. माझ्या बोल्टला वॉशर नव्हताच. हरवला की मुळात नसतो?

बोल्ट बारकाईने पाहा. डोक्याखाली कडेकडेने रबर बसवलेलं असेल तर तोच त्याचा वॉशर. रबर तडकलं असेल तर पूर्ण बोल्ट बदलायचा, वर तांब्याचा वॉशर घालायचा नाही. आटे टोकाकडे निमुळते होत गेले असतील तर तो टेपर बोल्ट आहे आणि त्याला वॉशर नसतो, आटेच पाचरीसारखे बसून सील करतात. असा बोल्ट डोकं टेकेपर्यंत आवळायचा नसतो. ओतीव चेंबर पाचरीच्या जोराने तडकतो. आटे सरळ असून डोक्याखाली सपाट बैठक असेल तर वॉशर हवाच, आधीच्या कोणीतरी तो हरवला आहे.

१४. किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचा?

तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत असेल तेवढ्याच. १२ किंवा १४ मिलिमीटरच्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत २५ ते ४५ न्यूटन मीटरच्या दरम्यानचे आकडे दिसतात, पण हा फक्त अंदाज घेण्याचा पट्टा आहे. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत फरक असतो.

जुन्या पुस्तिकांत एकक वेगळं असतं, आणि चूक तिथे होते. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर. म्हणजे ३.५ किलोग्रॅम-मीटर आणि २५ फूट-पाउंड हे दोन्ही साधारण ३४ न्यूटन मीटरच. इंच-पाउंड हे फूट-पाउंडच्या बाराव्या भागाएवढं, तो आकडा फूट-पाउंड समजून आवळला तर काही उरत नाही.

आवळण्याआधी बोल्ट आणि चेंबरची बैठक कपड्याने कोरडी पुसा. बोल्ट पूर्णपणे बोटांनी आत गेला पाहिजे. दोन आट्यांनंतर अडला तर तिरका बसला आहे: काढा, बोल्ट उलट्या दिशेला फिरवत हलकेच टेकवा, आटा आट्यावर पडल्याची बारीक टिक जाणवली की मग सुलट फिरवा. चेंबर अजून चटका देण्याइतका गरम असेल तर आवळण्यापूर्वी थोडा निवू द्या.

१५. टॉर्क पाना नाही. अंदाजाने कसं?

बोटांनी वॉशर टेकेपर्यंत. मग लहान दांड्याचा पाना, आणि पाना डोक्याजवळ धरायचा, टोकाला नाही. दबणारा वॉशर असेल तर आधी मऊ, गिळल्यासारखा फिरतो आणि मग हाताला स्पष्ट टणकपणा लागतो. तिथे थांबा. तांब्याच्या सपाट वॉशरला टेकल्यानंतर जेमतेम पाव फेरा लागतो. छातीचा जोर, पायाचा रेटा, पान्यावर पाइप यांपैकी काहीही इथे लागत नाही. ॲल्युमिनियमच्या चेंबरसाठी मात्र टॉर्क पाना मागून आणा, अंदाज नको.

मग बोल्टच्या डोक्यापासून चेंबरपर्यंत पेंट मार्करची एक रेघ मारा. पुढच्या वेळी खाली वाकून एका नजरेत कळतं की बोल्ट हलला का.

१६. टेफ्लॉन टेप, सिलिकॉन, थ्रेडलॉक (आटे चिकटवून धरणारा गोंद), ग्रीस: यातलं काय लावू?

काहीच नाही. टेप आणि सिलिकॉनचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत जातात. टेपमुळे आटे गुळगुळीत होऊन त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, ग्रीसचंही तेच. थ्रेडलॉकने पुढच्या वेळी प्रश्न ७ उभा राहतो. शर्यतीच्या गाड्यांत बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तार बांधतात. रस्त्यावरच्या गाडीला योग्य वॉशर आणि योग्य टॉर्क पुरेसा आहे.

१७. चेंबरचे आटे गेले. चेंबर बदलण्याशिवाय मार्ग आहे का?

आहेत, पण सगळे सारखे नाहीत.

सर्वांत टिकाऊ म्हणजे पोलादी आटे बसवणं. भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात मूळ मापाची बाही किंवा तारेची गुंडाळी बसवायची. टाइम-सर्टसारखी भरीव बाही मला हेलिकॉइलच्या तारेपेक्षा इथे बरी वाटते, कारण हा बोल्ट पुन्हा पुन्हा काढायचा असतो आणि तारेची गुंडाळी कधी कधी बोल्टसोबत बाहेर येते. यासाठी धातूची जाडी हवी, म्हणजे हे काम ॲल्युमिनियमच्या चेंबरचं.

दुसरा मार्ग मोठ्या मापाचे आटे पाडून मोठा बोल्ट लावणं, उदाहरणार्थ १४ चं १६. भोवती पुरेसा धातू असेल आणि वॉशरला सपाट जागा उरत असेल तर हेही नीट चालतं.

स्वतःच आटे कापत जाणारे जाडे बोल्टही मिळतात. त्यांच्या मधोमध छोटा बोल्ट असतो, पुढे ऑइल काढताना तेवढाच उघडायचा. पत्र्याच्या चेंबरवर हे काम निभावतात, पण सरळ न बसल्यास कायमचे गळतात. भोकात फुगणारे रबरी बूच घरी पोहोचण्यापुरतं ठीक, त्यावर गाडी रोज चालवू नका.

आटे पाडताना आत पडणाऱ्या धातूच्या किसाचं काय, हा खरा प्रश्न. चेंबर उतरवून काम केलं तर चिंता नाही. गाडीवरच करायचं असेल तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत भरपूर ग्रीस भरा, अर्ध्या फेऱ्याला टॅप मागे फिरवून काढून पुसा, आणि शेवटी वरून अर्धा-एक लिटर साधं ऑइल ओतून ते भोकातून वाहू द्या. पत्र्याच्या चेंबरमधला वेल्डचा नट तुटला असेल तर चेंबर काढून वेल्ड करावाच लागतो. आणि भरलेल्या, ऑइल लागलेल्या चेंबरवर वेल्डिंग कधीच नाही.

१८. सगळं नीट केलं तरी थेंब पडतो.

आवळायला धावू नका. आधी थेंब बोल्टचाच आहे हे सिद्ध करा. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरचं रबर किंवा क्रँकचं मागचं सील गळतं आणि ऑइल ओघळत चेंबरच्या सर्वांत खालच्या टोकाला, म्हणजे या बोल्टलाच येऊन लटकतं. बोल्ट आणि भोवतालचा भाग पूर्ण पुसा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि बघा ओलावा कुठून सुरू होतो.

बोल्टचाच निघाला तर: जुना वॉशर आत चिकटलेला (प्रश्न १२), चुकीचा बोल्ट (प्रश्न १९), किंवा बैठक खराब. सतत जास्त आवळलेल्या पत्र्याच्या चेंबरमध्ये भोकाभोवतीचा पत्रा बाहेर ओढला जाऊन उंचवटा तयार होतो. सरळ पट्टी टेकवली की दिसतो. चेंबर उतरवून तो ठोकून सपाट करता येतो. तात्पुरता उपाय म्हणून रबर जोडलेला धातूचा वॉशर अशा वाकड्या बैठकीवर तांब्यापेक्षा बरा बसतो.

१९. नवा बोल्ट घेताना काय जुळवायचं?

व्यास, आट्यांमधलं अंतर, लांबी आणि वॉशरची बैठक. १४ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन्ही अंतरांत मिळतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे बोटाने जातो आणि मग पान्याने रेटला की चेंबरचे आटे कापतो. जुना बोल्ट सोबत नेऊन दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडात धरा, फट दिसायला नको. फार लांब बोल्टही नको, आत काय आहे ते दिसत नाही.

२०. माझी गाडी वेगळीच आहे: बीटल, जुनी मिनी, जुनी पोर्शे ९११.

फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तळाला गोल झाकण असतं, त्याला सहा छोटे नट आणि आत गाळणी. जुन्या झाकणांना मधोमध बोल्ट आहे, नंतरच्या काळातल्या झाकणांना तोही नाही, मग सहा नट काढूनच ऑइल निघतं. बोल्ट असला तरी गाळणी धुवायला झाकण उघडावंच, कारण मूळ इंजिनाला वेगळा फिल्टर नाही. दोन्ही बाजूंचे कागदी गॅस्केट आणि नटांखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला. नटांना फक्त ७ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. इथे सवयीने आवळलं की स्टड (नट ज्यावर बसतो ती आट्यांची दांडी) मऊ केसिंगमधून उपटून येतो.

मूळ मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. बोल्ट चुंबकाचा आहे आणि गिअरच्या दात्यांची झीजही त्याच्यावरच येते, त्यामुळे प्रश्न ११ मधला लेप जरा जास्त दिसला तर दचकू नका. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, हात हलका ठेवा.

हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये ऑइलची टाकी इंजिनापासून वेगळी आहे. एक बोल्ट इंजिनाखाली, दुसरा टाकीला. दोन्ही उघडा, दोन्हींचे वॉशर बदला.

२१. डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेतलं तर बोल्टला हातच लावायला नको?

नळी तळापर्यंत पोहोचत असेल तर चालतं, आणि आटे आधीच कमकुवत असतील तर शहाणपणाचंही आहे. पण तळाचा गाळ आणि पाणी असं निघत नाही, चुंबकही तपासला जात नाही. जुन्या गाडीत मी अधूनमधून तरी बोल्टच उघडतो.

२२. काढलेलं ऑइल?

झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा थिनर मिसळू नका, मग ते पुनर्वापराला घेत नाहीत. गटारात, मातीत, कुंपणाच्या लाकडावर नको. कातडीवर राहू देऊ नका. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात.

२३. नवं ऑइल घातल्यावर लगेच निघू का?

डिपस्टिक पाहा, इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद करा, टॉर्च घेऊन बोल्ट आणि फिल्टर पाहा, पाच मिनिटांनी पातळी पुन्हा मोजा. पहिल्या फेरीहून परतल्यावर एकदा खाली बघा.

२४. चालत्या गाडीचा बोल्ट गळून पडला तर?

दिवा लागला त्या क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी असलेल्या वेगावरच बाजूला घ्या. पॉवर ब्रेक असेल तर इंजिन बंद झाल्यावर त्याची मदत एक-दोनदा दाबण्यापुरतीच उरते, म्हणून ब्रेक एकदाच, सलग दाबा. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. ‘पुढच्या वळणापर्यंत’ हा विचार करू नका. ऑइलशिवाय बेअरिंग फार थोड्या वेळात घासली जातात. बोल्ट मिळाला तरी ऑइल ओतून लगेच निघू नका: वॉशर आहे का, आटे शाबूत आहेत का ते आधी पाहा. मग ऑइल भरून इंजिन सुरू करा आणि कान द्या. खालून ठकठक ऐकू आली तर गाडी ओढूनच न्यायची.